पोरींचं कोवळं आईपण आणि आपली जमीन

(संघटनेच्या महिला शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत, तिथं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



पोरींच्या लवकर होणाऱ्या बाळंतपणाचा विषय आज घ्यायचा, असं आम्ही बायांनी ठरवलं तेव्हा काही दादा म्हणाले, "हा विषय आरोग्य खात्याचा. आपले दावे पडून आहेत, अपिलं करायची आहेत, मोजणी बाकी आहे. ते आधी बघू." आम्ही म्हटलं, दावे बघूच. पण हा विषयही जमिनीचाच आहे. ज्या घराला जमीन पुरत नाही, त्या घरातली पोरगी चौदाव्या-पंधराव्या वर्षी भट्टीवर जाते आणि सोळाव्या वर्षी आई होते. आपण जमिनीसाठी मोर्चे काढायचे आणि त्याच वेळी आपल्या पोरी अशा हातातून जाऊ द्यायच्या, मग ती जमीन उद्या कसणार कोण? म्हणून हा विषय आज, इथंच, सगळ्यांसमोर बोलायचा.

ही आपली चाल आहे का?

ऑफिसात गेलं की साहेब लोक म्हणतात, "तुम्हा आदिवासींची चालच तशी. लहान वयात लगीन, मग पोरं. आम्ही काय करणार?" असं म्हटलं की त्यांची जबाबदारी संपते. म्हणून आधी याचंच उत्तर देऊ.

आपल्या चालीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. आपल्यात पोरीचा बाप हुंडा देत नाही, उलट पोराकडचे देज देतात. विधवा झालेली, नवऱ्यानं सोडलेली बाई पुन्हा घर करू शकते, तिला कुणी नावं ठेवत नाही. दोघांना एकमेकं पसंत पडली तर ती एकत्र राहतात आणि पदरी चार पैसे आले, घरात भात आला की धवलेरी बोलावून रीतसर लगीन लावतात. या गोष्टींची लाज वाटायचं काही कारण नाही. शहरातल्या लोकांनी यातलं बरंच शिकावं असं आहे.

जुन्या काळी लवकर लगनं होत नव्हती, असं आम्ही म्हणत नाही. होत होती. आणि बाळंतपणात बाया मरतही होत्या. कुणाची आजी, कुणाची आत्या तशी गेली हे घराघरात ठाऊक आहे. पण चौदा वर्षांच्या पोरीला बोहल्यावर उभी करा, असा आपल्या कुठल्या देवानं, कुठल्या पूर्वजानं हुकूम केलेला नाही. जी चाल माणसाला मारते ती बदलायचा अधिकारही आपल्याच हातात आहे.

आता दुसरी गोष्ट. ही फक्त आदिवासींची चाल असती, तर आदिवासी नसलेल्या भागात हे दिसलं नसतं. सरकारनंच २०१९-२१ मध्ये घरोघर जाऊन पाहणी केली. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांमागे सुमारे २२ जणींचं लगीन अठरा वर्षांच्या आत झालं होतं. परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ निघाला आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास. हे जिल्हे काही आदिवासींचे जिल्हे नाहीत. मग तिथं इतकं का?

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, दरवर्षी लाखो माणसं साखर कारखान्याला जातात. तिथं मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नाही, जोडीला देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. लगीन झालं की नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. आई-बाप सहा महिने फडावर जाणार, मागं वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचं लगीन लावून टाकतात. तिथली माणसं आपल्या जातीची नाहीत, आपली बोली बोलत नाहीत, त्यांच्या लग्नाची रीतही वेगळी. पण कारण ऐकलं तर आपल्याच पाड्यावरचं वाटतं. आपल्याकडं कोयत्याच्या जागी वीटभट्टी आहे, एवढाच फरक.

लग्नगडी पुन्हा आला आहे

आपल्या आजा-पणजांनी एक शब्द सोसला होता, लग्नगडी. लगीन करायला सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे किंवा भात उचलायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर, त्याच्या घरी राबायचं. हिशेब सावकाराच्या वहीत, त्यामुळं कर्ज कधी फिटायचंच नाही. पुष्कळांची सगळी उमर त्यात गेली. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा लाल बावटा, आणि हजारो वारली बाया-पुरुष. त्या लढ्यात तळवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. पण वेठ आणि लग्नगडी मोडली.

आज काय चाललंय ते बघा. तेव्हा लगनासाठी कर्ज काढायचे आणि गडी व्हायचे. आता उचल मिळावी म्हणून लगीन लावतात. भट्टीचा शेठ म्हणतो, "एकटा पोरगा नको, जोडी आण." विटा थापायचं काम दोघांचं. एक जण चिखल करणार, एक जण थापणार, मजुरी हजार विटांवर. पोरगा अठरा-एकोणीसचा झाला की घरचे म्हणतात, याला जोडी करून देऊ, वेगळी उचल मिळेल, आपलं मागचं फिटेल. मग कुठल्यातरी पाड्यावरची पंधरा वर्षांची पोरगी बघतात. गणपती-दिवाळीच्या सुमारास उचल येते, दिवाळीनंतर भट्टी लागते. पावसाच्या आधी परत येतात तेव्हा पोरगी पोटुशी असते. आठवड्याची खर्ची कापून, आजारपणाचे पैसे कापून हिशेब होतो आणि शेठ म्हणतो, "अजून तुझ्याकडं बाकी आहे." मग पुढच्या वर्षी तीच जोडी, काखेत एक पोर घेऊन, पुन्हा त्याच भट्टीवर.

जमीन कमी पडते तिथून ही वाट सुरू होते

आता मागं मागं जाऊन बघू. भट्टीवर का जावं लागतं? घरात धान्य नाही म्हणून. धान्य का नाही? कसतो त्या प्लॉटातनं भात, नागली, वरई निघते ती दिवाळी-संक्रांतीपर्यंत पुरते. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, आपल्या नावावर व्हायला हवी होती. प्रत्यक्षात कित्येकांचे दावे नामंजूर झाले. ज्यांचे मंजूर झाले त्यांच्या हातात कसतात त्यापेक्षा कितीतरी कमी गुंठ्यांचा कागद आला. कागद नाही म्हणून बांधबंदिस्ती नाही, विहीर नाही, दुसरं पीक नाही. रोजगार हमीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत द्यायचं असतं, ते वेळेवर निघत नाही, निघालं तर पैसे महिनोन् महिने येत नाहीत. मग दारात उचल घेऊन उभा असलेला माणूस देवासारखा वाटतो.

आई-बाप भट्टीवर जातात तेव्हा मोठ्या पोरीला शाळेतून काढून सोबत नेतात. लहान भावंडं कोण सांभाळणार, भाकरी कोण करणार? दिवाळीत शाळा सुटली ती सुटलीच. जूनमध्ये परत येते तोवर परीक्षा होऊन गेलेली, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेलेल्या. दोन वर्षं असं झालं की ती म्हणते, "आता मला शाळेत लाज वाटते."

भट्टीवरची झोपडी आम्ही सगळ्यांनी बघितली आहे. कच्च्या विटांच्या भिंती, वर पेंढा नाहीतर ताडपत्री, दार म्हणून गोणपाट. आंघोळीला आडोसा नाही. रात्री ट्रक येतात, अनोळखी माणसं येतात. आईच्या जिवाला घोर लागतो. ती म्हणते, "काही वाईट व्हायच्या आधी हिचं लगीन लावून दिलेलं बरं." त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिच्यासमोर दोनच रस्ते ठेवलेत आणि ती त्यातला कमी वाईट निवडते. आपल्याला तिसरा रस्ता काढून द्यायचा आहे.

काही पोरी स्वतःच पळून जातात, हेही खरं आहे. त्यांना कुणी विकलं नाही, कुणी ढकललं नाही. पण पंधरा वर्षांच्या पोरीपुढं शाळा नाही, काम म्हणजे चिखल आणि विटा, घरात रोज पैशाची कटकट, अशा वेळी कुणी दोन गोड शब्द बोललं तर ती जाणारच. तिला बदफैली म्हणणाऱ्यांनी आधी विचारावं, तिच्यासमोर दुसरं काय होतं? वयात येताना अंगात काय बदल होतो, दिवस कसे राहतात, कसे टाळता येतात, हे तिला घरात कुणी सांगितलं नाही, शाळेतही ते पान गुरुजींनी उलटून टाकलं. पोरालाही कुणी सांगितलं नाही. हे बोलायची लाज आपण मोठ्यांनीच सोडली पाहिजे.

अंगाला काय होतं

सोळा वर्षांच्या पोरीचं स्वतःचंच अंग अजून वाढत असतं. उंची वाढली, पाळी सुरू झाली, म्हणजे ती बाळंतपणाला तयार झाली असं नाही. कमरेची हाडं पूर्ण वाढायला अजून काही वर्षं लागतात. वाट अरुंद राहिली तर बाळ अडतं. आपल्या पाड्यावरून डोलीतून रस्त्यापर्यंत, तिथून गाडीनं दवाखान्यापर्यंत, तिथून पुढच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत जाता जाता किती तास जातात, ते इथं बसलेल्या बायांना सांगायला नको.

कोवळ्या वयाच्या आईला झटके येण्याचा धोका जास्त असतो. पाय आणि तोंड सुजणं, डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, ही खूण दिसली की भगताकडं किंवा घरच्या औषधावर एक दिवसही घालवू नका. थेट दवाखाना. बाळंतपणानंतर ताप आला, घाण वास येत असेल, तरी तेच.

तिसरी गोष्ट रक्ताची. सरकारी पाहणीप्रमाणं आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. पोटुशी बाईचं रक्त ११ च्या खाली आलं की कमी समजतात, ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. पोरीच्या अंगात मुळात कमी, त्यात बाळाला द्यायचं, त्यात बाळंतपणात जायचं. आपल्यात सिकलसेलचा आजारही आहे, त्याची तपासणी लग्नाआधीच झालेली बरी. भट्टीवर असलेल्या पोरीला ना नर्सबाई भेटते, ना लोहाच्या गोळ्या मिळतात, ना अंगणवाडीतला आहार.

आणि बाळ? अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ कमी वजनाचं. कोवळ्या आईचं बाळ तसं असण्याची भीती जास्त. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं गेली, तेव्हा मंत्री आले, पेपरवाले आले, योजना आल्या. पोरांना पाकिटं वाटली. पण बाळाचं कुपोषण पाळण्यात सुरू होत नाही. ते अर्धपोटी राहून विटा थापणाऱ्या आईच्या पोटातच सुरू झालेलं असतं. आईला सोडून नुसतं बाळ वाचवता येत नाही.

यात गावच्या बायांना करण्यासारखंही खूप आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाला उबेत कसं ठेवायचं, पहिलं दूध लगेच कसं पाजायचं, श्वास अडला तर काय करायचं, कुठली खूण धोक्याची. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ साली ते जगासमोर मांडलं गेलं. त्यातल्या बाया मोठ्या शिकलेल्या नव्हत्या. आपल्या सुईणी आणि आशाताई हे नक्की करू शकतात.

नाव नाही, मत नाही

आता आमचा मुख्य मुद्दा. वनहक्क कायद्यात लिहिलं आहे की लगीन झालेल्यांच्या जमिनीचा पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे झाला पाहिजे. ही साधी गोष्ट नाही. आपल्या आयांच्या नावावर कधी चार गुंठे नव्हते. पण सोळा वर्षांच्या आईला यातलं काय मिळतं? प्लॉट सासऱ्याच्या नावावर. तिचं लगीन कुठं नोंदलेलं नाही, कारण वय कमी. रेशन कार्डावर नाव माहेरी, नाहीतर कुठंच नाही. उद्या नवरा भट्टीवर आजारी पडून गेला, किंवा दुसरी घेऊन गेला, तर ही पोर घेऊन उभी राहणार कुठं? इथं एक लक्षात ठेवा, लगीन लहान वयात झालं म्हणून बायकोचा हक्क आपोआप जात नाही आणि तिचं मूल कायद्यानं औरसच असतं. पण हा हक्क मागायला कागद लागतो, आणि कागद करायला कुणी तिच्या पाठीशी उभं राहावं लागतं.

दुसरं, ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी सज्ञान माणसं. अठराच्या आतली आई ग्रामसभेची सभासद होत नाही. पदरात पोर आहे, डोक्यावर घर आहे, पण सभेत तिचं मत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत दुसरं मूल झालेलं असतं आणि मग सभेला यायला सवड कुठली? आपल्या वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, हा कायदा आहे. पण समितीत नाव असलेल्या किती बाया तोंड उघडून बोलतात? जी पोरगी सातवीत शाळेतून निघाली, तिला मोजणीचा नकाशा कोण दाखवणार? पोरी अशा लवकर घरात अडकत गेल्या की दहा वर्षांनी आपल्या संघटनेलाही पुढं येणाऱ्या बाया मिळणार नाहीत.

कागदावर सगळ्याच एकोणीसच्या

नर्सबाईच्या वहीत बघा. आपल्या पाड्यावरच्या सगळ्या पोटुशी पोरी एकोणीस, वीस वर्षांच्या. खरं वय कुणी सांगत नाही. का? एक म्हणजे पैसे. पहिल्या बाळंतपणाला रोख पैसे देणाऱ्या योजनेत वयाची अट आहे. २००५ ची जननी सुरक्षा योजना आली तेव्हा आपल्यासारख्या राज्यांत तिच्यातही एकोणीस वर्षांची अट होती, पुढं २०१३ साली ती काढावी लागली. अशा अटीनं एकही लगीन थांबत नाही. जिला सर्वांत जास्त गरज आहे तीच पोरगी बाहेर राहते, नाहीतर खोटं वय सांगते. खोट्या वयामुळं डॉक्टरला धोका कळत नाही, आणि सरकारला सांगायला सोपं जातं की तुमच्याकडं असा प्रश्नच नाही.

दुसरं कारण पोलीस. २०१२ पासून पॉक्सोचा कायदा आहे. अठराच्या आतली पोरगी पोटुशी दिसली की दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लगीन झालेलं असलं तरी अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा गुन्हाच. पोरींवर जबरदस्ती करणाऱ्यांसाठी हा कायदा हवाच आहे. पण आपल्या पाड्यावर त्याचा एक परिणाम होतो, तो उघड बोलला पाहिजे. एकोणीस वर्षांचा पोरगा आत जाईल या भीतीनं घरचे पोरीला दवाखान्यात नेतच नाहीत. घरातच बाळंतपण. आणि मग उशिरा, रक्त जाऊन जाऊन, डोलीत.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. आधी जीव. वय कितीही असो, कुठलाही सरकारी दवाखाना बाळंतपण नाकारू शकत नाही. पोलीस आले तर एकट्या घरानं तोंड द्यायचं नाही, संघटनेच्या बाया सोबत जातील. आदिवासींना आणि बायांना कोर्टात मोफत वकील मिळायचा हक्क आहे, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा. आणि पोरीला मूल नको असेल तर तोही रस्ता कायद्यात आहे. अल्पवयीन पोरीचा गर्भ २४ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांकडून कायदेशीर काढता येतो, पालकाची सही लागते. सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे की स्वखुशीच्या संबंधातून दिवस राहिले असतील, आणि पोरगी आणि पालक म्हणत असतील, तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना पोरीचं नाव उघड करायची गरज नाही. चोरून कुठल्या बाईकडं काडी घालून घेण्यापायी पोरी मेल्या आहेत. ते थांबवा.

आणि एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. जिथं जबरदस्ती झाली, मग ती मुकादमानं केली असो, शेठच्या माणसानं, की आपल्याच भावकीतल्या कुणी, तिथं पंचांनी बसून दंड ठरवायचा, बकरा आणि दारू घ्यायची आणि मिटवून टाकायचं, हे चालणार नाही. त्या दंडातलं पोरीला काय मिळतं? काहींनी तर त्याच माणसाशी तिचं लगीन लावलं. पंच मंडळींना आम्ही मान देतो, जमिनीच्या भांडणात ते चांगला न्यायही करतात. पण हा गुन्हा पंचांच्या हातातला नाही. तिथं फौजदारीच झाली पाहिजे आणि पोरीच्या मागं गाव उभं राहिलं पाहिजे.

ग्रामसभेत काय ठराव करायचे

आता प्रत्येक पाड्यानं परत गेल्यावर बैठक घ्यावी आणि या गोष्टी बोलाव्यात.

एक. लगीन पोरीचं अठरा आणि पोराचं एकवीस झाल्याशिवाय लावायचं नाही. बालविवाहाचा २००६ चा कायदा सगळ्यांना लागू आहे, आपल्या रूढीला त्यात सूट नाही. लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावात ग्रामसेवक त्याचा अधिकारी असतो, पोरांसाठी १०९८ हा फोन आहे. पण पोलिसांच्या धाकापेक्षा गावाचा शब्द मोठा. धवलेरीबायांनीच "आधी वय दाखवा" म्हटलं तर पुढचं आपोआप थांबेल.

दोन. ज्यांचं आधीच झालं आहे, ज्या पोरी आज पोटुशी आहेत किंवा पदरात मूल आहे, त्यांना वाळीत टाकायचं नाही, हिणवायचं नाही. अंगणवाडीत नाव, अमृत आहार योजनेतलं रोजचं ताजं जेवण, तपासणी, दवाखान्याची गाडी, हे सगळं त्यांना मिळवून द्यायची जबाबदारी पाड्याची. १०८ नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा. आणि पुढच्या मुलात अंतर ठेवायचं साधन त्या पोरीला मिळालं पाहिजे, नवऱ्याला समजावून सांगायचं काम गावच्या पुरुषांनी करायचं.

तीन. उचल घेऊन लगीन नाही, जोडीच्या अटीवर उचल नाही. कोण किती उचल घेतो, कुठल्या भट्टीवर जातो, हे ग्रामसभेच्या वहीत लिहा. पेसा कायद्यानं आदिवासींना दिल्या जाणाऱ्या कर्जावर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. जिथं उचलीपायी माणूस अडकवून ठेवला असेल, तिथं १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्यानं ते कर्जच रद्द होतं. जिल्हाधिकाऱ्याकडं तक्रार करायची, एकट्यानं नाही, संघटनेमार्फत.

चार. दिवाळीनंतर पोरगी गावातच राहिली पाहिजे. त्यासाठी हंगामी वसतिगृह मागा. पाड्यावर शाळा किंवा अंगणवाडी नसेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणं एक हेक्टरच्या आतली वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीनं शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता यांसाठी मिळते. वनखातं आडवं आलं तर हे कलम दाखवा.

पाच. प्रत्येक पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत का, हे या महिन्यात तपासा. सुनेचं वय अठरा झालं की रेशन कार्ड आणि मतदार यादीत नाव घालायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही.

सहा. रोजगार हमीचे अर्ज पावसाळा संपतानाच एकगठ्ठा भरायचे आणि पोच घ्यायची. काम गावात असेल तर उचल दारातून परत जाईल.

दादांनो, शिबिरात तुम्ही विचारलं होतं की दावे आधी की पोरी आधी. पुढच्या महिन्यात तहसीलवर मोर्चा आहे. त्यात मागणीपत्रावर दाव्यांच्या खाली हे सहाही मुद्दे लिहिलेले असतील. आणि मोर्चाला येताना तुमच्या घरातल्या पोरीला, सुनेला सोबत आणा. तिच्या मुलाला तुम्ही खांद्यावर घ्या.

जिंदाबाद!